गणपतराव देशमुख : एसटीचा प्रवास जरा बाजूला ठेवून बोलूया का?

माणगंगाकाठ

३० जुलै, म्हणजे सांगोल्याचे (जि. सोलापूर) माजी आमदार गणपतराव देशमुख यांचा स्मृतिदिन, आला की आमच्या गावच्या ग्रुपवर एकच मेसेज चार जण पाठवतात. एसटीने फिरणारा आमदार, अकरा वेळा निवडून आला, असा माणूस पुन्हा होणे नाही, खाली हात जोडलेले. मीही पूर्वी तो पुढे ढकलायचो. यंदा नाही ढकलला.

त्यात खोटं काही नाही. पण तो मेसेज वाचल्यावर आबासाहेबांची, म्हणजे गणपतरावांची, आमदारकी गळून पडते आणि हातात उरतो एक साधा, सज्जन म्हातारा. साधेपणावर मतं मिळत असती तर आमच्याकडचे निम्मे निवृत्त मास्तर विधानसभेत बसले असते. एसटीत आमदारांसाठी राखीव सीट असते, वर तसं रंगवलेलंही असतं. त्या सीटवर शाळकरी वयात मी शेकडो वेळा बसलोय, पण कंडक्टरने कधी उठवलं नाही. आमदार एसटीत येतच नाहीत हे त्यालाही ठाऊक. तेव्हा गणपतराव त्या सीटवर बसायचे याचं कौतुक मलाही आहे, पण तेवढ्यावर मला थांबायचं नाही.

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. जन्म १० ऑगस्ट १९२६, पेनूर, तालुका मोहोळ. म्हणजे सांगोल्याचे मूळचे नव्हेतच. पुण्यात वकिली शिकले, सांगोल्यात वकिली केली आणि शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप) १९६२ ला पहिल्यांदा आमदार झाले. १९६७ ला पुन्हा. १९७२ ला पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. मग १९७८, ८०, ८५, ९०. १९९५ ला पुन्हा पडले. १९९९, २००४, २००९, २०१४ असे परत चार वेळा. शेवटच्या वेळी वय ८८. २०२१ ला गेले.

आता माझा प्रश्न. तालुका दुष्काळी. पक्ष आधी मध्यम आणि पुढे अगदी किरकोळ. हातात साखर कारखाना नाही. बहुतेक वर्षं विरोधी बाकावर. अशा माणसाला लोक अकरा वेळा मुंबईला पाठवतात, तर तो तिथे जाऊन नेमकं काय करत होता? आणि तालुक्यात काय करत होता? ज्यांना माहीत आहे त्यांनी खाली आपापल्या टोपणनावाने लिहा. हार-तुरे नकोत.

गणिताचा तास

आधी अशा मेसेजांत फिरणाऱ्या दोन दाव्यांच्या दुरुस्त्या करून टाकतो, म्हणजे पुढे तेच तेच येणार नाही.

एक, '५५ वर्षे आमदार' हे बरोबर नाही. १९६२ ते २०१९ ही ५७ वर्षं होतात, पण मध्ये दोन खंड आहेत, एक दोन-अडीच वर्षांचा आणि एक साडेचार वर्षांचा. ते वजा केले तर पन्नासच्या आसपास भरतात. तेही काय कमी आहे?

दोन, 'देशातला विक्रम' हेही नाही. केरळात के. एम. मणी एकट्या पाला मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आले होते. ओमन चंडी पुथुपल्लीतून बारा वेळा. करुणानिधी तेरा वेळा, फक्त मतदारसंघ बदलत बदलत. आपल्या राज्यापुरता विक्रम म्हणा, तेवढा पुरे.

खरं तर मला ते दोन पराभवच जास्त मोलाचे वाटतात. १९९५ ला ते पडले तेव्हा वय ६८. आपल्याकडे त्या वयाला पडलेला माणूस आत्मचरित्र लिहायला घेतो किंवा मुलाला पुढे करतो. हे चार वर्षांनी परत उभे राहिले आणि पुढची वीस वर्षं बसले.

आजोळ_सांगोला

माझी आजी कडलासची. १९७२ च्या गोष्टी सांगायची. निवडणूक झाली मार्चमध्ये, गणपतराव पडले, आणि त्याच वर्षी पाऊस असा गेला की विहिरीच्या तळाला उतरून वाटीने पाणी भरायची पाळी आली. म्हणजे तालुक्याच्या आठवणीतला सगळ्यात वाईट दुष्काळ आला तेव्हा हे आमदारच नव्हते.

आजी खडी फोडायच्या दुष्काळी कामावर होती. घमेल्यात मोजायची खडी, ब्रासचा हिशोब मुकादमाकडे. खायला सुकडी मिळायची. तिची एक बारीक तक्रार आयुष्यभर होती की मुकादम तिच्या ढिगात टेप तिरका धरायचा. 'तिरका टेप' हा आमच्या घरात शब्दप्रयोगच झाला होता, कोणी लबाडी केली की आजी म्हणायची, टेप तिरका धरतोय.

हे सांगायचं कारण, रोजगार हमी हा आमच्या भागात कागदावरचा विषय नव्हताच. १९७७ ला कायदा झाला, १९७९ च्या २६ जानेवारीपासून लागू झाला. पुढे १९९९ ला गणपतराव मंत्री झाले तेव्हा त्यांच्याकडे रोजगार हमी आणि पणन ही खाती होती. मुंबईत बसणाऱ्याला ही दुय्यम खाती वाटतील. सांगोल्यात विचारा.

शून्य प्रहर

मी विधिमंडळाचं कामकाज आवडीने वाचणारा रिकामटेकडा आहे, त्यामुळे 'मुंबईला जाऊन काय करत होता' या भागाला हात घालतो.

विरोधी बाकावरच्या, छोट्या पक्षाच्या आमदाराकडे असतं काय? तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात उत्तर देतो), लक्षवेधी (तातडीच्या विषयावर मंत्र्याचं निवेदन मागणं), नियम २९३ खाली चर्चा, कपात सूचना (खात्याच्या मागणीतून रक्कम कापायचा प्रस्ताव). बस. यातलं एकही आयुध टीव्हीवर दिसत नाही. तारांकित प्रश्नाची सूचना कितीतरी दिवस आधी द्यायची, तो स्वीकारला जायला हवा, यादीत वर यायला हवा, आणि तो पुकारला जाईल तेव्हा तुम्ही जागेवर असायला हवेत. मंत्री छापील उत्तर देतो: 'होय', 'हे खरे नाही', 'माहिती घेण्याचे काम सुरू आहे'. खरी मजा त्यानंतर, पुरवणी प्रश्नात. तिथे वाचून दाखवायला कागद नसतो. मंत्र्याला तालुक्यातल्या तलावाचं नाव माहीत नसतं, आमदाराला माहीत असतं. तो म्हणतो, महिनाभरात करू. हे 'महिनाभरात' कार्यवृत्तात छापलं जातं आणि पुढच्या अधिवेशनात तोच आमदार तेच पान घेऊन उभा राहतो.

यासाठी वक्तृत्व लागत नाही. लागते ती हजेरी आणि जुना कागद जपून ठेवायची सवय. गणपतरावांच्या बाबतीत सभागृहातला दबदबा म्हणतात तो यातून आलेला. सलग बसणारा माणूस अर्थसंकल्पाच्या आकड्यांत गेल्या वर्षी काय होतं ते आठवणीने सांगू शकतो. मंत्री बदलतात, सचिव बदलतात, हा तिथेच.

आणि सुरुवातीला ते एकटे नव्हते हेही लक्षात घ्या. १९६२ च्या विधानसभेत शेकापचे १५ आमदार होते आणि विरोधी पक्षनेतेपद त्यांच्याच कृष्णराव धुळपांकडे होतं. पुढे एन. डी. पाटील, केशवराव धोंडगे, दत्ता पाटील, एकेक तोफा. त्यांच्यात हा कमी बोलणारा. तोफा थंडावल्या, हा राहिला. २०१४ ला पक्षाचे एकूण आमदार तीन.

वाकडी वाट

सगळं मान्य. आता कडू बोलू का?

पन्नास वर्षं आमदार आणि २०१९ च्या उन्हाळ्यात मी सांगोल्यात चारा छावणी बघितली आहे. शेडनेटच्या सावलीत खिलार जनावरं, कानात बिल्ले, आणि बाजेवर झोपलेले म्हातारे. घरचं दार बंद करून माणसं तीन महिने जनावरांजवळ राहायला आलेली. एक म्हातारा मला म्हणाला, आम्ही बी छावणीतच हाय, आम्हाला फक्त बिल्ला नाही.

आमदार सत्तेच्या पक्षात असता तर पाणी वीस वर्षं आधी आलं नसतं? ज्यांनी पक्ष बदलले त्यांनी धरणं नेली, कालवे नेले. यांनी निष्ठा जपली, पण तिचं बिल भरलं तालुक्याने. हा प्रश्न विचारला की लोक एसटीची गोष्ट सांगतात.

माणगंगाकाठ

वाकडी वाट, हा प्रश्न यावा म्हणूनच लिहायला घेतलं होतं. अंगावर घेतो.

पाण्याचं गणित आधी. आमच्याकडे पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर. माण नदी नावाला नदी. पाणी आणायचं तर लांबून, आणि बरंचसं उचलून. नीरा उजवा कालवा आहे, पण आम्ही त्याच्या शेपटाला. कालव्याच्या शेपटाला राहणं काय असतं ते वरच्यांना कधी कळणार नाही. आवर्तन सुटल्याची बातमी पेपरात येते, पाणी येत नाही. आले तर रात्री दोनला येतं आणि सकाळी बंद.

उरली कृष्णा. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटणाऱ्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) दिलं, पण ते लवादाच्या फेरविचाराच्या मुदतीआधी, म्हणजे ३१ मे २००० च्या आत, अडवून वापरात आणायची घाई होती. तोवर कृष्णाकाठची पाटं भरत होती आणि आमच्या ताटात वाढायला कोणी तयार नव्हतं. १९९३ ला आटपाडीत पाणी परिषद सुरू झाली. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव, भारत पाटणकर ही मंडळी त्यात. तेरा दुष्काळी तालुके. मागणी साधी: कृष्णेचं पाणी उचलून द्या आणि सगळ्यांना सारखं द्या. दरवर्षी तीच मागणी, तोच मांडव, तीच माणसं अजून थोडी म्हातारी. १९९६ ला कृष्णा खोरे महामंडळ झालं, टेंभूसारख्या योजनेला हात लागला. कराडजवळ टेंभूला कृष्णा अडवायची आणि टप्प्याटप्प्याने पंपांनी वर चढवत माणदेशात आणायची, हा काही एका अधिवेशनात होणारा उद्योग नव्हे.

आता 'सत्तेत असते तर'. माझ्या मते सत्तेत गेले असते तर कृष्णाकाठच्याच पुढाऱ्यांच्या मागे बसावं लागलं असतं, आणि पाणी तर त्यांच्याच हातातून सोडवून घ्यायचं होतं. एका पक्षात राहून ते कसं मागणार होते? हे माझं मत, पुरावा नाही. मात्र उशीर झाला, फार झाला, आणि त्यात एक पिढी ऊसतोडीला आणि गलाई (सोनं-चांदी गाळायच्या) कामाला गावं सोडून गेली, हे मी नाकारत नाही.

छावणीतला म्हातारा बोलला ते लिहून ठेवलंय.

डाळिंब्या

पाणी नसताना सांगोला जगला कशावर ते कोणीच लिहिलं नाही म्हणून कीबोर्ड उघडला.

१९९० नंतर रोजगार हमीतून फळबाग लागवड आली. स्वतःच्या रानात खड्डे काढायचे आणि त्याचीच मजुरी मिळायची. माझ्या वडलांनी दोन फूट बाय दोन फूट बाय दोन फूट असे खड्डे माळावर काढले. माळ म्हणजे मुरूम, टिकाव मारला की ठिणगी उडायची. शेजारी हसायचे, कबरी काढतोय म्हणून. त्या खड्ड्यांत डाळिंब लागलं. घागरीने पाणी घालून पहिली दोन वर्षं काढली, मग ठिबक आलं.

डाळिंबाने आमच्या घराला स्लॅब दिला आणि बहिणीचं लग्न केलं. २०२० च्या डिसेंबरमध्ये शंभरावी किसान रेल सुटली ती सांगोल्याहून, पश्चिम बंगालमध्ये शालिमारला. पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीने झेंडा दाखवला. टीव्हीवर सांगोला स्टेशन बघून आई रडली होती. नंतर तेल्या आणि मर रोगाने बाग काढून टाकायला लागली, ती वेगळी रडारड.

बाग योजनेचं श्रेय एकट्या आबासाहेबांना देता येणार नाही, ती राज्याची योजना होती. पण योजना प्रत्येक तालुक्यात सारखी नव्हती का? मग काही तालुक्यांत खड्डे कागदावरच राहिले आणि आमच्याकडे रानात दिसतात, हा फरक कोणी पाडला? तहसीलला, पंचायत समितीला पाठीमागे कोणीतरी उभं असल्याशिवाय ते होत नाही.

आणि सूतगिरणी. पश्चिम महाराष्ट्रात पुढारी म्हणजे साखर कारखाना. ऊसच नसलेल्या तालुक्यात यांनी शेतकरी सहकारी सूतगिरणी काढली. राज्यातल्या किती सहकारी गिरण्यांचे सांगाडे रस्त्याकडेला उभे आहेत ते मोजा, आणि मग ही चालवून दाखवणं काय असतं ते ठरवा.

अलिबागचा पांढरा कांदा

रायगडच्या लाल बावट्याकडून सलाम. आमच्याकडे शेकापचा साधा कार्यकर्ताही 'भाई' असतो, त्यामुळे भाई गणपतराव देशमुख म्हणताना वेगळं काही वाटत नाही.

वर कोणी मंत्रिपदाचं लिहिलं त्यात एक भर. ते दोनदा मंत्री झाले. पहिल्यांदा १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात, आणि ते सरकार १९८० ला बरखास्त झालं. दुसऱ्यांदा १९९९ ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. तेही पूर्ण टिकलं नाही, आणि त्याला कारण आम्ही. २००२ ला रायगडात राष्ट्रवादीशी आमचं फाटलं, पक्षाने सरकारचा पाठिंबा काढला. भांडण अलिबागचं, मंत्रिपद गेलं सांगोल्याचं. घाटावरच्या कार्यकर्त्यांना तेव्हा काय वाटलं असेल याचा आम्ही कधी विचार केला नाही, हे आज कबूल करतो. त्यांनी पक्षाचा आदेश पाळला. खुर्ची वाचवायला पक्ष फोडणं तेव्हाही अवघड नव्हतं.

जुनी फाइल

मी एका आमदारांच्या (वेगळा जिल्हा, वेगळा पक्ष, नाव सांगणार नाही) कार्यालयात चार वर्षं काढली आहेत. तालुक्यातला आमदार काय करतो ते माझ्याकडून ऐका.

लग्नं. मे महिन्यात एका दिवशी अकरा. गाडीत अक्षतांची पुडी वेगळी, कारण प्रत्येक मांडवात अक्षता मिळेपर्यंत थांबायला वेळ नाही. मंगलाष्टकांच्या तिसऱ्या कडव्याला आत शिरायचं, माईकवर नाव पुकारलं जाईपर्यंत उभं राहायचं, आणि नवरदेवाच्या चुलत्याकडे बघून हसायचं. चुलता महत्त्वाचा, तो सोसायटीचा चेअरमन. मग दोन दहावे, एक दुकानाचं उद्घाटन. संध्याकाळी कार्यालयात बदलीची शिफारसपत्रं. एकाच जागेसाठी तीन जणांना 'शक्य ती मदत करावी' अशी तीन पत्रं आम्ही दिलेली आहेत. तिघेही खूश. अधिकारीही हुशार, त्याला पत्राच्या भाषेवरून कळायचं की कुठलं खरं.

आमचे साहेब वाईट नव्हते. पण अधिवेशनात त्यांनी प्रश्न विचारला की तो मी लिहिलेला असायचा, आणि पुरवणी प्रश्न आला की ते माझ्याकडे बघायचे. मी गॅलरीत! दोनच टर्म टिकले. लग्नं एकही चुकवली नव्हती.

म्हणून मला गणपतरावांचं कोडं जास्त पडतं. मतदारसंघातल्या माणसाला आमदार मांडवात हवा असतो, आणि हे तर अधिवेशन पूर्णवेळ बसणारे. मग लोकांनी चालवून कसं घेतलं?

वाकडी वाट

जुनी फाइल, उत्तर सरळ आहे, कोणी लिहायला धजत नाही एवढंच. जात. सांगोल्यात धनगर समाज मोठा आहे आणि गणपतराव त्या समाजाचे. त्या मतांच्या गठ्ठ्यावर पाया, वर शेकापची बांधणी. त्यांनी जातीचं राजकारण केलं असं मी म्हणत नाही. पण गठ्ठा होता.

आणि घराणेशाहीचं काय? २०१९ ला नातू अनिकेत उभा, ७६८ मतांनी पडला. २०२४ ला दुसरा नातू बाबासाहेब, तो आमदार. आज विधानसभेत शेकापचा एकुलता एक आमदार आजोबांच्याच जागेवर. यालाच दुसऱ्यांच्या बाबतीत आपण काय म्हणतो?

गणिताचा तास

गठ्ठा होता तर १९७२ आणि १९९५ ला कुठे गेला होता? १९९५ ला ते शहाजीबापू पाटलांकडून फक्त १९२ मतांनी पडले. गठ्ठा एवढाच पक्का असता तर १९२ मतं काय, एका वस्तीवरची असतात. गठ्ठा घेऊन लढत काठावर नेता येते, अकरा वेळा पार नेता येत नाही.

हेच ते बापू. २०१९ ला शिवसेनेकडून आबासाहेबांच्या नातवाला पाडून आले आणि २०२२ ला गुवाहाटीहून 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' करून अख्ख्या महाराष्ट्रात गाजले. पन्नास वर्षं विधानसभेत बसून आबासाहेबांनी सांगोला हे नाव जेवढ्या घरांत नेलं नसेल तेवढं एका फोनने नेलं. नशीब आपलं.

घराणेशाहीवर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच की स्वतः जिवंत असून, निवडून यायची ताकद असून ९३ व्या वर्षी ते थांबले, आणि नातू हरलेला बघितला. जिंकलेला बघायला राहिले नाहीत.

आजोळ_सांगोला

जुनी फाइल यांच्या कोड्याला माझ्याकडून एक तुकडा. आमच्याकडे आमदार मांडवात नाही आला तरी चालायचं, कारण शेकापचा गावातला माणूस यायचा. तोच तहसीलला यायचा, तोच उतारा काढून द्यायचा. पक्ष राज्यात आटला तरी तालुक्यात गावागणिक दोन-चार माणसं तशीच राहिली. ती म्हातारी झालीत आता. त्यांची पोरं पुण्यात.

शून्य प्रहर

आजोळ, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. आयुधं सभागृहात आणि संघटना गावात, दोन्ही टोकं धरलेली.

मी असं करतो, १९७४ च्या पोटनिवडणुकीनंतरची कार्यवृत्तं काढून बसतो. रोजगार हमीच्या कायद्यावरची चर्चा त्यात यायला हवी. सांगोल्याच्या कामांचा उल्लेख सापडला तर इथेच टंकतो. जरा वेळ लागेल, एकेक खंड विटेएवढा असतो.

माणगंगाकाठ

जरूर काढा. माझे चुलते त्या काळात नालाबांधाच्या कामावर मुकादम होते. त्यांची हजेरीची वही अजून ट्रंकेत आहे, अंगठ्यांच्या निळ्या ठशांनी भरलेली. तुम्ही सभागृहातली तारीख सांगा, मी वहीतलं पान काढतो. मंत्री 'कामे सुरू आहेत' म्हणाले त्या आठवड्यात आमच्या बांधावर माणसं होती का, ते ताडून बघू.

आणि आजोळ, चुलत्यांचा टेप तिरका होता की सरळ ते मात्र मला विचारू नका.